टीम हरेपर्यंत

ऑक्टोबर लागला की मस्कतमध्ये पहिली सुटका होते ती पहाटेची. दुपार अजून भाजून काढत असते, गाडीचं स्टिअरिंग हाताला चटका देतं, पण पहाटे चारला एसी बंद करून खिडकी उघडता येते. घराला खिडक्या आहेत हे मधल्या सहा महिन्यांत आपण विसरूनच गेलेलो असतो. थोडी दमट हवा आत येते, खाली गॅरेजच्या गल्लीत मांजरं भांडतात, आणि मला, वय वर्षं सत्तावन्न, राहणार वादी कबीर, मूळ गाव देवगडजवळ, जन्मभर क्रिकेट सोडून दुसऱ्या खेळाकडे ढुंकूनही न पाहिलेल्या माणसाला, बेसबॉलची आठवण येते. हसा खुशाल. ऑफिसात सगळे हसतात.

परवा नासर म्हणाला, "मेस्त्री, तुझे ते सामने परत सुरू झाले ना? म्हणजे आता तू महिनाभर डोळे तांबारून येणार." नासर आमच्या बांधकाम कंपनीचा ओमानी प्रोजेक्ट मॅनेजर, अल् खुवैरच्या ऑफिसात माझ्या समोरच्या टेबलावर बसतो. त्याला तीन वर्षांपूर्वीचा तो ऑक्टोबर पक्का लक्षात आहे, कारण त्या महिन्यात मी एका इमारतीच्या अंदाजपत्रकात एक अख्खा मजला विसरलो होतो. माझ्या हातून अशी चूक होत नाही. पण त्या महिन्यात मी रोज पहाटे उठून एक टीम हरण्याची वाट बघत होतो, आणि ती टीम काही केल्या हरत नव्हती.

त्या वर्षीच्या ऑगस्टात आमची मुक्ता अमेरिकेला शिकायला गेली. एकुलती एक, अठरा वर्षांची. तिला पाठवायचं ही शुभांगीची जिद्द. शुभांगी म्हणजे माझी बायको, दादरची, इथल्या शाळेत गणित शिकवते आणि घरातही तोच आवाज लावते. मी पहिल्यापासून म्हणत होतो, पुण्याला पाठवू, तिथे मामा आहे, मुंबईचं विमान अडीच तासांचं आहे. "तुम्ही पोरीला नाही, स्वतःला जपताय," असं ती तोंडावर म्हणाली. खरं होतं, म्हणूनच मला जास्त राग आला. चार दिवस मी तिच्याशी फक्त भाजी आणि पाण्याच्या टँकरपुरतं बोललो.

सप्टेंबरभर रोज फोन. मुक्ता रडायची, आणि गंमत बघा, रडायची मराठीत. एरवी तिचं मराठी म्हणजे एक पाय इथे, एक पाय इंग्लिशमध्ये. मैत्रिणींशी इंग्लिश, दुकानात हिंदी, आमच्याशी सगळ्याची मिसळ. पण रडू आलं की "बाबा, मला इथे करमत नाही हो" असं शुद्ध, तिच्या आजीसारखं बोलायची. हे 'करमत नाही' तिने कधी उचललं कोण जाणे.

तिचं दुखणं मला कळत होतं. हॉस्टेलमध्ये पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारलं, कुठली तू? ही म्हणाली, ओमान. ते कुठे आलं? मग ही म्हणाली, म्हणजे मी इंडियन. तिथली इंडियातून आलेली पोरं म्हणाली, इंडियात कुठे? देवगड. देवगडला किती वर्षं होतीस? महिनाभर, उन्हाळ्याच्या सुट्टीत, एक वर्षाआड. सगळे हसले. वाईट मनाने नव्हे, पण हसले. आम्हा आखातातल्या लोकांचं हे असंच असतं. तीस वर्षं मी इथे आहे, इथली अर्धी सरकारी ऑफिसं मी कागदावर मोजली आहेत, पण माझं इथलं राहणं व्हिसाच्या तारखेला बांधलेलं. मला निदान सांगायला गाव आहे. मुक्ता जन्मली मस्कतला आणि मस्कतची नाही, देवगडला पाहुणी, आणि आता तिसरीकडे जाऊन पडलेली. तिला 'आमचं' म्हणायला कुठली जागाच आम्ही दिली नव्हती. हे मी तेव्हा शुभांगीला बोललो नाही, कारण ती म्हणाली असती, हे तुम्हाला आत्ता सुचतंय?

सप्टेंबरच्या शेवटी एक दिवस ती म्हणाली, "बाबा, मी घरी येते. प्लीज. मी इथे नाही राहू शकत."

मी म्हणालो, "ये. उद्या ये."

शुभांगीने माझ्या हातातून फोन काढून घेतला. "कुणी कुठे येत नाहीये. काय चाललंय तिथे? आज काय केलंस?" मुक्ताने नाक ओढत सांगितलं की काहीच केलं नाही, मजल्यावरचे सगळे खाली हॉलमध्ये बेसबॉल बघत होते, शहराची टीम कशीबशी प्लेऑफमध्ये शिरली आहे म्हणून सगळे वेडे झालेत, आणि ही एकटी खोलीत बसून होती.

शुभांगी म्हणाली, "ठीक आहे. त्या टीमचं जे काय चाललंय ते संपेपर्यंत थांब. टीम हरली की ये. मी अडवणार नाही. पण तोवर रोज खाली जाऊन सगळ्यांबरोबर मॅच बघायची आणि घरी फोन करून स्कोअर सांगायचा."

ही तिची शाळेतली जुनी युक्ती. वर्गात कुणी "टीचर, बाहेर जाऊ?" म्हणालं, की ती नाही म्हणत नाही. "एवढं उदाहरण सोडव आणि जा," म्हणते. तीस वर्षांचा अनुभव आहे तिचा. उदाहरण सुटेपर्यंत निम्म्या पोरांना बाहेर जायचं आठवतही नाही. पण मी काही तिच्या वर्गातला नव्हतो. मला फक्त एवढंच ऐकू आलं, की टीम हरली की पोरगी घरी. आणि टीम तर कशीबशी आत आलेली. मी मनात म्हटलं, आठवड्याचा प्रश्न आहे.

मी लगेच विल्सनला फोन केला. विल्सन परेरा वसईचा, रुवीत तिकिटांच्या ऑफिसात काम करतो, आणि शुक्रवारी सकाळी आम्ही दोघं कंपन्यांच्या क्रिकेट लीगमध्ये अंपायर म्हणून उभे असतो. खडीचं मैदान, सिमेंटच्या पट्टीवर अंथरलेली मॅट, पडला तो सोलवटला. तिथे वीस वर्षं उभं राहून आमच्यात एक गुर्मी आलेली आहे. बॅट आणि बॉल असलेला कुठलाही खेळ आपल्याला कळतो, अशी ती गुर्मी.

पहिली मॅच ते हरले. साफ आपटले. मी सकाळी स्कोअर बघितला आणि सहाला विल्सनला उठवलं. "विल्सन, खलास! काढ तिकीट. शनिवारचं बघ." शुभांगी चहा गाळत होती, तिला म्हणालो, "झालं तुझं उदाहरण सोडवून." मी वाण्याकडून मुक्ताच्या आवडीच्या बटर खारीचा पुडा आणून ठेवला. दिवसभर ऑफिसात शीळ घालत होतो. नासर म्हणाला, लॉटरी लागली का?

संध्याकाळी मुक्ताचा फोन. मी म्हटलं, "काय गो, बॅग भरलीस?"

"कशाला? बाबा, बेस्ट ऑफ थ्री आहे. अजून दोन मॅच आहेत."

सांगतो, ही चूक क्रिकेटवालाच करू शकतो. आमच्याकडे सेमीफायनल हरलात की संपलं, हस्तांदोलन करा आणि घरी जा. इथे त्याच दोन टीम परत उद्या, परत परवा. मी विचारलं, "आणि ही फेरी जिंकली तर?" म्हणाली, मग पुढची फेरी पाच मॅचची. मग सातची. मग परत सातची. तिच्या आवाजात मला तेव्हा निराशाच ऐकू आली. "बाबा, हरतील ना हो उद्या?" असं तिने हळूच विचारलं. "हरणारच," मी म्हणालो. बापलेकीचा हा कट शुभांगीला कळू दिला नाही. विल्सनला तेवढं कळवलं, "तारीख जरा पुढे ढकल."

ते पुढच्या दोन्ही मॅच जिंकले.

आता म्हटलं, शत्रूला नीट बघून तरी घ्यावं. मुक्ताने तिच्या लॉगिनने आमच्या टीव्हीवर ते चॅनल लावून दिलं आणि दुसऱ्या फेरीपासून मी पहाटे चारला सोफ्यावर जाऊन बसू लागलो. तिथे रात्रीचे आठ, इथे पहाटेचे चार. तिसऱ्या इनिंगला मशिदीतून बांग यायची. पाचव्या-सहाव्या इनिंगला पलीकडचे डोंगर आधी राखाडी, मग तांबूस व्हायचे. सातव्या इनिंगला ऊन टीव्हीच्या काचेवर यायचं आणि मला उठून पडदा ओढावा लागायचा. शेवटच्या इनिंगला खाली शाळेच्या बसचे हॉर्न सुरू. इतक्या वर्षांत मी ह्या घरातून सूर्योदय नीट कधी पाहिला नव्हता, तो मी बेसबॉलच्या नादाने पाहिला.

दुसऱ्या दिवसापासून शुभांगीही येऊन बसायला लागली. एका कोपऱ्यात मी, दुसऱ्यात ती, मध्ये टीपॉयवर चहा. ती मुक्ताच्या टीमच्या बाजूने, मी विरुद्ध. ती मांडीवर परात घेऊन डाळिंब सोलायची. एकदा डाळिंब सोलताना टीमने तीन रन काढले, तेव्हापासून रोज डाळिंबच. खाऊन खाऊन आम्ही लाल झालो, पण बाई ऐकेना. गणिताची शिक्षिका! मी टोमणा मारला की म्हणायची, "गणित गणिताच्या जागी. तुम्ही पाय खाली घ्या, तुम्ही पाय वर घेतले की आपले आउट होतात."

खेळ म्हणाल तर क्रिकेटचा अमेरिकेत जाऊन बिघडलेला चुलतभाऊ. बॉल जमिनीवर टप्पा खात नाही, बॅट्समन नुसता उभा राहून बॉल सोडत बसतो आणि चार वाईट बॉल सोडले की त्याला फुकटात पुढे पाठवतात. आम्ही दोघं बसलो त्या पहिल्या दिवशी एकाने बॉल तडकावला, तो विकेटकीपरच्या मागे उंच उडून थेट प्रेक्षकांत. मी ओरडलो, "सिक्सर!" शुभांगीनेही टाळ्या वाजवल्या. टीव्हीवर कुणी हललं नाही. फाउल म्हणे. समोर आखलेल्या दोन रेघांच्या आतच बॉल पडला पाहिजे, बाहेर कितीही लांब गेला तरी त्याची किंमत शून्य. दोघं एकमेकांकडे बघून हसत सुटलो. त्या चार दिवसांच्या रुसव्यापासून आमच्यात इतकं हसणं झालं नव्हतं.

मला भुरळ पडली ती खेळाची नव्हे, माणसांची. कॅमेरा सारखा प्रेक्षकांवर जायचा. मोठमोठे दाढीवाले बाप्ये नखं खात बसलेले. एकाने टोपी उलटी करून, आतली बाजू बाहेर काढून डोक्यावर घातलेली, तर शेजारच्या सगळ्यांनी तसंच केलं. म्हणे अशाने नशीब फिरतं. एक म्हातारी डोळे घट्ट मिटून, हात जोडून, ओठ हलवत बसलेली. तिला लुगडं नेसवलं असतं तर आमच्या गावच्या देवळात खपून गेली असती. तिच्या टीमचा पिचर फेकायला वळला की ती डोळे मिटायची आणि गर्दी ओरडली की एक डोळा उघडून बघायची, की काय झालं. मी तिच्या विरुद्ध बाजूला बसलो होतो, तरी तिचं वाईट व्हावं असं मला वाटेना. तिथेच माझं बिनसलं असणार.

दुसरी फेरी पाचव्या मॅचपर्यंत लांबली. ती मॅच नऊ इनिंगनंतरही बरोबरीत राहिली, म्हणून जादा इनिंग सुरू झाल्या. दहावी, अकरावी, बारावी. इकडे साडेआठ वाजले. नासरचा फोन, "मेस्त्री, कुठे?" मी सांगितलं, पाच मिनिटांत निघतो, इन्शाल्ला. तेवढ्यात मुक्ताच्या टीमच्या एका बुटक्या खेळाडूने बॉल भिंतीपलीकडे भिरकावला, आणि टीव्हीतून असा आवाज आला की शुभांगीची परात उलटली. डाळिंबाचे दाणे सगळ्या गालिच्यावर. ती उड्या मारत होती. पन्नाशी ओलांडलेली बाई, त्या दिवशी शाळेला सुट्टी होती म्हणून घरी थांबलेली. आणि लगेच मुक्ताचा फोन, कान फाटेल असा आरडाओरडा, "बाबा! पाहिलं? पाहिलं तुम्ही? बाबा!" मागून दहा-पंधरा पोरापोरींचा आवाज, "हाय, मुक्ताज डॅड!" तिने तिथे सांगून ठेवलं होतं, माझे बाबा ओमानमध्ये पहाटे चारला उठून आपली मॅच बघतात. त्या पोरांनी मग ठरवूनच टाकलं की माझ्या बघण्यामुळेच टीम जिंकते. "बाबा, तुम्ही बघणं थांबवायचं नाही हं. प्रॉमिस?"

मी प्रॉमिस केलं. काय करणार! लाज वाटली मला. ज्या माणसाला ती पोरं शुभशकुन समजत होती, तो बसून त्यांच्याच टीमला पाण्यात पाहत होता.

त्या शनिवारी आम्ही अल मवालेहच्या बाजारात गेलो. मोठा भाजीबाजार तेव्हा तिथेच भरायचा. सकाळी सातला हातगाड्यांची झुंबड, ट्रकमधून उतरणारी कलिंगडं, जबल अख्दरची डाळिंबं खोक्यांत रचलेली. शुभांगीने दोन खोकी उचलायला लावली. तिथे विल्सन भेटला, बायकोने दिलेली यादी हातात घेऊन वांगी दाबून बघत होता. मला बघताच म्हणाला, "मेस्त्रीसाहेब, तिकिटाची तारीख चार वेळा बदलली. आता मीच रोज सकाळी स्कोअर बघून कामाला लागतो. चर्चमध्ये मेणबत्ती लावायची म्हणतो, पण कोणासाठी लावू तेवढं एकदा सांगा. जिंकायला लावू की हरायला?"

शुभांगी समोरच उभी होती. तिला तिकिटाचं माहीतच नव्हतं. ती माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "लाव हो जिंकायला. ह्यांचं काय ऐकतोस." गाडीत बसल्यावर ती भांडेल असं मला वाटलं होतं. पण बुर्ज अल साहवाच्या चौकापर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली आणि मग एवढंच म्हणाली, "तुम्हीच एकटे तिची वाट बघताय असं समजू नका."

तिसऱ्या फेरीत फोनचा रंग बदलला. आधी मुक्ता स्कोअर सांगून लगेच जेवणावर, थंडीवर, एकटेपणावर यायची. आता स्कोअरवरून दंडावर यायची. कुणाचा दंड दुखतोय, कोणता पिचर दोन दिवसांपूर्वीच फेकून दमला आहे, कोच किती गाढव आहे. 'ते'चं 'आम्ही' कधी झालं तिला कळलं नाही. मधूनच नावं यायची. केटीने चेहऱ्याला निळा रंग लावला. केटीच्या आजोबांनी ह्या टीमला शेवटचं जिंकताना पाहिलं तेव्हा ते शाळेत होते. काल सगळ्यांनी तिच्या हातची मॅगी खाल्ली. 'करमत नाही' हे शब्द मी पाच दिवस ऐकले नव्हते. मी मोजत होतो.

एक दिवस मी आमच्या जुन्या कटाच्या आवाजात म्हणालो, "आज हरतील बघ. मग शनिवारी तू इथे."

"असं नका ना बोलू, बाबा!" ती इतकी जोरात ओरडली की मी फोन कानापासून लांब धरला. "असं कुणी बोलतं का मॅचच्या दिवशी? आधी टच वूड करा!"

मी जेवणाच्या टेबलाला हात लावला. ते टेबल फॉर्मायकाचं आहे, पण तिला कशाला सांगू? फोन ठेवला आणि तिथेच बसून राहिलो. मला खूप एकटं वाटलं. कटातला दुसरा माणूस फुटला होता.

सात मॅचच्या त्या फेरीत मुक्ताची टीम तीन जिंकली, दोन हरली. सहावी जिंकली असती तर फायनल, म्हणजे आणखी दहा दिवस. त्या पहाटे गजर वाजला आणि मी तो बंद केला. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, इथे सांगतो. मी जागा होतो. भिंतीकडे तोंड करून, डोक्यावर पांघरूण घेऊन पडून राहिलो. बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज येत होता, शुभांगी एकटी बसली होती. मनात म्हटलं, त्या पोरांच्या म्हणण्याप्रमाणे माझ्या बघण्याने ते जिंकतात ना? मग आज मी बघत नाही. सत्तावन्नला पोचलेला नव्हतो तेव्हा, पण चोपन्नचा नक्की होतो, साठ-साठ मजुरांना कामाला लावणारा माणूस, आणि पांघरुणात लपून पोरीची टीम पाडत होतो.

ते हरले.

मुक्ताचा फोन आला, आवाज बारीक. "बाबा, तुम्ही नव्हता ना आज?"

"नेट गेलं होतं गो."

"मला वाटलंच. सगळे म्हणत होते, मुक्ताज डॅड झोपला वाटतं. मी म्हटलं, नाही, माझे बाबा झोपणार नाहीत."

हे ऐकून मी जो काही ओशाळलो ते सांगता येत नाही. पोरगी परक्या देशात पंधरा जणांसमोर माझी बाजू घेत होती आणि मी तिच्याशी खोटं बोलत होतो. एका रात्रीत माणूस बदलतो वगैरे मी मानत नाही. पण दुसऱ्या दिवशी मी गजराच्या आधी उठलो, तोंड धुतलं, डाळिंबाची परात स्वतः आणून शुभांगीच्या मांडीवर ठेवली आणि पाय खाली घेऊन ताठ बसलो. ती बघतच राहिली. "आज कोणाकडून?" तिने विचारलं. "गप सोल," मी म्हणालो.

सातवी मॅच त्यांच्या घरच्या मैदानावर. पहिल्या इनिंगपासून मागे. दोन रनांनी मागे, मग एकाने, परत दोनने. बांग झाली, डोंगर तांबूस झाले, मी पडदा ओढला, शुभांगीने शाळेत फोन करून पहिला तास दुसरीला घ्यायला सांगितला. तीस वर्षांत पहिल्यांदा. शेवटच्या इनिंगला एका रनाने मागे, दोन आउट, एक माणूस दुसऱ्या बेसवर, म्हणजे रनाच्या अर्ध्या वाटेवर. म्हणजे आणखी एक आउट झाला की संपलं, आणि बॉल भिंतीपलीकडे गेला की दोन रन, जिंकले, फायनलला. समोर तोच बुटका. सगळं मैदान उभं. ती म्हातारी आज कॅमेऱ्यात दिसली नाही. मी तिला शोधत होतो.

बुटक्याने बॅट फिरवली. आवाजच असा आला की मी सोफ्यावर चढलो. खरंच चढलो, चपलांसकट. "गेला! गेला! गेला रे!" बॉल डाव्या बाजूला उंच, दिव्यांच्या वर, भिंतीकडे, मैदानातली चाळीस हजार माणसं हात वर करून ओरडतायत आणि वादी कबीरच्या तिसऱ्या मजल्यावर मी ओरडतोय, माझ्या पोरीला माझ्यापासून आणखी दहा दिवस लांब ठेवणाऱ्या त्या बॉलला मी ओरडून ओरडून पलीकडे ढकलतोय. बॉल रेघेच्या टोकाला उभ्या पिवळ्या खांबाच्या दोन हात बाहेरून गेला. फाउल.

पुढच्या बॉलला तो चुकला, तिसऱ्यांदा, आणि तीनदा चुकलं की आउट. संपलं.

शुभांगीने परात खाली ठेवली. मी सोफ्यावर उभाच होतो. टीव्हीवर पोरं एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती, निळे रंग गालावरून ओघळत होते. मला जे हवं होतं ते झालं होतं, विल्सनकडे तिकीट होतं, शनिवारी मुक्ता घरी, आणि मला सोफ्यावरून खाली उतरावंसंही वाटेना.

फोन वाजला. मुक्ता हुंदके देत होती. मागे कुणीतरी मोठ्याने रडत होतं, कुणीतरी दार आपटलं.

"दोन हात, बाबा. फक्त दोन हात."

"पाहिलं गो. मी पाहिलं. मी सोफ्यावर उभा होतो."

ती रडता रडता हसली. मग मी म्हणालो, कारण शब्द दिला होता आणि मी दिलेला शब्द फिरवत नाही: "मुक्ता, टीम हरली. आईने सांगितलं होतं तसं. शनिवारचं तिकीट तयार आहे. ये आता."

पलीकडून अगदी नवलाच्या आवाजात, जसं काही मी भलतंच विचारलं होतं, "आत्ता? आत्ता कशी येऊ, बाबा? सगळे रडतायत इथे. केटी तर खालीच बसली आहे जिन्यात. मी आत्ता ह्यांना सोडून कशी निघू?"

मी शुभांगीकडे बघितलं. फोन स्पीकरवर होता. तिचे ओठ घट्ट मिटलेले.

"बरं," मी म्हणालो. "मग रड त्यांच्याबरोबर. आणि केटीला काहीतरी खायला घाल."

"हो. ठेवते. बाबा, पुढच्या वर्षी आम्ही नक्की जिंकणार." आणि तिने फोन ठेवला.

पुढच्या वर्षी! पोरीने एका वाक्यात अख्खं वर्ष उचलून नेलं. अभिमानाने माझा ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू, आणि त्याच वेळी असं रडू आलं की विल्सनला फोन करायला मला दोनदा नंबर लावावा लागला. तो म्हणाला, "कॅन्सल? पक्कं?" मी म्हणालो, "पक्कं." शुभांगीला सांगावं, बाई, तू जिंकलीस, तुझं उदाहरण सुटलं, म्हणून मी तिला शोधायला गेलो. स्वयंपाकघरात नव्हती, बाल्कनीत नव्हती. मुक्ताच्या खोलीत होती. पंख्याखाली उभी, आणि पलंगावरची चादर ओढून काढत होती. पिवळी, इस्त्रीची, कुणी न झोपलेली. उशीला नवा अभ्रा. शेजारच्या खुर्चीवर घडी करून ठेवलेला टॉवेल आणि मुक्ताचा घरात घालायचा जुना पायजमा.

"ही कधी घातलीस?" मी विचारलं.

"दर मॅचला बदलत होते," ती म्हणाली, आणि चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं.